फादरच्या कागदात नसलेलं वाक्य

बाई, काल माझं बोट नको तिथे गेलं आणि तेव्हापासून डोक्यात तुम्हीच आहात. खालच्या मजल्यावरची मुलगी रोज संध्याकाळच्या चहाला येते आणि मला पेपर वाचून दाखवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मला बारीक अक्षर लागत नाही, असं मी तिला आणि तिच्या आईला सांगून ठेवलंय. खरं म्हणजे ऑपरेशन झकास झालंय, समोरच्या इमारतीच्या टाकीवर काय लिहिलंय तेसुद्धा मला इथून वाचता येतं. पण तिच्या बापाची नोकरी गेलीय, पोरगी कॉलेज सोडून घरात बसलीय, आणि सरळ हातात काही ठेवलं तर ती माणसं घ्यायची नाहीत हे मला जिन्यातल्या बोलण्यावरून कळलं होतं. म्हणून हे डोळ्यांचं नाटक, आणि वाचण्याचे म्हणून महिन्याला पैसे. काल वाचता वाचता ती एक ओळ गाळून पुढे गेली आणि माझं बोट आपसूक त्या ओळीवर जाऊन बसलं. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. राहिलेली ओळ वाचली, उरलेला पेपर वाचला आणि 'येते आजी' म्हणून गेली. रोज 'उद्या येते' म्हणते, काल नुसतं 'येते' म्हणाली. आता आज ती येईल की नाही, आली तर मी तिला काय सांगायचं, मला काही म्हणजे काही समजत नाही. हे सांगू शकेल असं एकच माणूस मला माहीत होतं, ते म्हणजे तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन जमाना झाला.

वाकोल्याला आमची चाळ आणि तुमचं गावठण यांच्या मधोमध एक गटार होतं आणि त्यावर एक मोठी फरशी टाकलेली होती. फरशीच्या अलीकडे आम्ही मालवणी, पलीकडे तुम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक. आम्ही तुम्हाला पाववाले म्हणायचो. तुम्ही आम्हाला काय म्हणायचात ते मला कधी कळलं नाही, तोंडावर तुम्ही सगळे फार गोड. तुमच्या ओट्यावर दोन शिवणयंत्रं होती, चाळीतल्या मुली तिथे ब्लाऊज शिकायला यायच्या, म्हणून सगळे तुम्हाला बाई म्हणायचे, गावठणातल्या बायकासुद्धा. मी तुमची सगळ्यात ढ विद्यार्थिनी. माझी काखेची शिवण दर वेळी चुकायची आणि तुम्ही ती उसवून माझ्या मांडीवर टाकायचात. 'हात आहेत का पाय?' एवढंच बोलायचात. कोणाला चांगलं म्हटल्याचं मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एखादीने बरं शिवलं असलं तर तुम्ही ते फक्त उसवत नसायचात, त्यावरून तिने काय ते समजून घ्यायचं.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबांची गिरणी बंद पडली. पहिले काही महिने बाबा मीटिंगला जायचे आणि घोषणा देऊन बसलेला आवाज घेऊन घरी यायचे. नंतर ते घरातच राहायला लागले, चटईवर, भिंतीकडे तोंड करून. आई डब्यात हात घालून तांदळाचा अंदाज घ्यायची आणि झाकण लावून टाकायची. मी मॅट्रिक होऊन घरात होते. तुमच्या क्लासला यायचं मी बंद केलं आणि डोकं दुखतं असं कारण सांगितलं. तुम्ही फरशी ओलांडून आलात, आमच्या दारात उभ्या राहिलात, आत चटईकडे एकदाच बघितलंत आणि आईला म्हणालात, 'हिचं शिवण जाऊ द्या, ते काय हिला जमायचं नाय. पण हिला वाचता येतं ना चांगलं? माझं एक काम आहे.'

काम असं होतं. तुमच्या चर्चमध्ये वसईकडचे एक तरुण फादर आले होते. त्यांनी आल्या आल्या बघितलं की गावठणातल्या बायका घरात, बाजारात, भांडणात मराठी बोलतात आणि देवाशी तेवढं इंग्लिश. त्यांना ते पटेना. देवाच्या दयेचा अभ्यास करणारं एक मंडळ चर्चमध्ये आधीपासून होतं, शुक्रवारी, मोठ्या हॉलमध्ये, पंख्याखाली, इंग्लिशमधून. तिथे बँकेतली आणि ऑफिसातली माणसं जायची. फादरनी बुधवारी दुसरं मंडळ काढलं, चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या आणि नाताळच्या गोठ्यातली प्लास्टरची मेंढरं ठेवलेली असायची. त्यासाठी ते दर आठवड्याला स्वतः मराठीत एक कागद लिहायचे आणि सायक्लोस्टाइल करून द्यायचे. एक गोष्ट, तिच्यावर त्यांचे विचार आणि शेवटी चर्चेसाठी प्रश्न. पण घोळ असा झाला की बायका एक तर कॉन्व्हेंटमध्ये थोडंफार शिकलेल्या, नाहीतर मुळीच न शिकलेल्या. मराठी फाडफाड बोलायच्या आणि मराठी अक्षर एकीलाही लागेना. 'ती तुमची दोरीवर वाळत घातलेली अक्षरं आम्हाला कुठली कळायला,' तुम्ही आईला म्हणालात. 'ही आली, वाचलं, की झालं. आणि वाचणारीला वाटा मिळतो.'

तुम्ही गेल्यावर आईने माझ्याकडे बघितलं. 'थंय नेवन् तुका ख्रिस्ताव केल्यानी तर?' बाबा चटईवरून वळलेसुद्धा नाहीत. भिंतीलाच म्हणाले, 'जाव दे गो तिका. दया शिकवतत थंय, दारू नाय.' कित्येक दिवसांत ते घरात पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलले होते, म्हणून आई हसली आणि मी गेले.

त्या खोलीत तुम्ही धरून चौघीजणी नेमाने यायच्या. मोठी आंटी, जिला सगळं गावठण घाबरायचं. म्युनिसिपल हॉस्पिटलमधली नर्सबाई, जी ड्युटीवरून थेट यायची आणि पहिल्या प्रश्नापर्यंत पेंगायची. आणि एक काटकुळी बाई, तिला मी मनात गप्प आंटी म्हणायचे, कारण ती तोंडच उघडत नसे. मी बाकावर बसायचे, तुम्ही माझ्या शेजारी, कागद दोघींच्या मध्ये. तुम्ही कागदाकडे बघत राहायचात. मला वाटायचं, वाचणारीचा मान म्हणून बघतात. सगळं संपलं की प्रत्येकीने आणलेले डबे उघडायचे. तुमच्याकडचे ते तळलेले, गोल, आतून पोकळ फुगे, बाटलीतला मसाला घातलेली मच्छी, पाव. वाचणारीचा घसा सुकतो म्हणून तिला दुप्पट वाटा, असा तुमच्या मंडळाचा नियम होता. निदान तुम्ही तसं सांगितलंत आणि कोणी नाही म्हटलं नाही. बुधवारी आमच्या घरात सगळे पोटभर जेवायचे. आईसुद्धा जेवायची, आधी थोडं नाक मुरडून. आणि मी, बाई, मी त्या फरशीवरून डबा घेऊन अशा तोऱ्यात यायचे की काय सांगू. घरात कमावणारी मी एकटी होते. मी आदल्या दिवशी कागद आणून मोठ्याने वाचायची तालीम करायचे. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे ठरवायचे. शिवण येत नव्हती, दिसायला बेतास बात, पण वाचावं तर मीच, असं माझ्या मनाने घेतलं होतं. माझ्या त्या सगळ्या दिवसांत माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

एका बुधवारी फादरच्या कागदात आलं की आपण मागायच्या आधीच देवाला आपली गरज माहीत असते. मोठी आंटी ताडकन म्हणाली, 'त्याला समदं माहीत हाय, तर मग आमी गुडघे फोडून सांगतो कशाला?' सगळ्या तुमच्याकडे बघायला लागल्या. तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात. मग म्हणालात, 'मना काय ठाऊक? वाच गो पुढे.' मला त्या वेळी वाटलं, एवढी मंडळ चालवणारी बाई आणि साधं उत्तर येत नाही.

मग ते रेशनचं दुकान. तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नाही, कारण मी रांगेत तुमच्या मागे चार-पाच माणसं सोडून उभी होते. दुकानदाराने पाटीवर खडूने मराठीत काहीतरी खरडून ठेवलं होतं, तेही अर्धं पुसलेलं. तुमच्या पुढच्या म्हातारीने कॅन खाली ठेवला आणि विचारलं, काय लिवलंय गो बाय? तुम्ही पाटीकडे नीट बघितलंसुद्धा नाहीत. 'आज रॉकेल नाही. साखर उद्या सकाळी. कार्ड सोबत आणावे.' झरझर वाचलंत, जसं एखादी रोज वाचणारी बाई वाचते. ते फादरसुद्धा तसं वाचू शकले नसते. मी रांगेतून निघून आले. रिकामा कॅन हलवत घरी आले, आईने विचारलं तर रॉकेल नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग आला होता, एवढं नक्की. म्हणजे मला वाचता येतं म्हणून नाही, आमच्या डब्यात तांदूळ नाही म्हणून बोलावलं होतं. मी वाचणारी नव्हतेच, मी तुमच्या मंडळाचा अभ्यास होते. दर आठवड्याला कागद वाचून ज्या दयेबद्दल तुम्ही बोलत होता, ती शेजारी बाकावर बसवून ठेवली होती आणि तिला स्वतःलाच वाचायला लावत होता. वाईटही वाटत होतं आणि मग वाटायचं, वाईट कसलं वाटून घेतेस, फुगे तर चापून खाल्लेस. पुढच्या बुधवारी जाऊ नये असं ठरवलं. पण डबा यायचा थांबला असता. म्हणून गेले, आणि जाताना एक गोष्ट ठरवून गेले.

त्या दिवशी कागदात रस्त्यात मार खाऊन पडलेल्या माणसाची गोष्ट होती, ज्याला त्याच्या जातीचे ओलांडून जातात आणि भलताच माणूस उचलतो. मी गोष्ट वाचली. मग फादरचे विचार वाचायला लागले, आणि मध्येच, आवाज जरासुद्धा न बदलता, माझं स्वतःचं एक वाक्य घातलं. 'ज्याच्यावर दया करतो त्याला ती कळू न देता जो करतो, तो दया करत नाही, तो फसवणूक करतो असे समजावे.' ते 'असे समजावे' खास फादरचं होतं, त्यांची ती लकब मी बरोबर उचलली होती. वाचून मी पुढे गेले नाही, थांबले. तुमचं बोट हळूच कागदावर आलं. जिथे ते वाक्य असायला हवं होतं तिथे, दोन छापील ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर, तुम्ही बोट ठेवलंत. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. 'वाच परत ते,' तुम्ही म्हणालात. 'फादरनी मोठं लिहिलंय आज.' आणि मला त्या कोऱ्या जागेवरून ते वाक्य परत वाचावं लागलं.

मग जे सुरू झालं ते काही आवरेना. मोठी आंटी म्हणाली, 'म्हणजे मी माझ्या सासूला वाईन सांगून औषध पाजत होते, ती फसवणूक काय? सुखात गेली बिचारी.' नर्सबाई खडबडून जागी झाली. ती म्हणाली की तसं असेल तर सगळं हॉस्पिटल नरकात जाणार, आम्ही दिवसभर मरणाऱ्या माणसाला साधा ताप आहे सांगतो. आणि तेवढ्यात गप्प आंटी बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, घोगरा होता. ती म्हणाली, 'माझा माणूस गेला त्या वर्षी कोणीतरी पहाटे माझ्या दारात तांदूळ ठेवायचं. कोण ते मना माहीत नाय. माहीत पडलं असतं तर तिच्या तोंडावर फेकले असते. माहीत नव्हतं म्हणून पोरं जगली.' माझ्या वाक्याचं हे उत्तर होतं की नव्हतं, मला कळेना. तुम्ही हात मांडीवर ठेवलेत आणि म्हणालात, 'फादर एक लिहायला विसरले. ज्याला कळलं त्याने पण गप्प बसावं. करणाऱ्याची पण लाज राखायला लागते.' आणि डबे उघडलेत. त्या दिवशीसुद्धा मला दुप्पट वाटा दिलात. मी घेतला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मोठ्या आंटीने फादरना गाठून सांगितलं की तुमचं ते फसवणुकीचं वाक्य काळजाला लागलं. फादर रोज चार ठिकाणी धावणारे, काय लिहिलं ते त्यांचं त्यांना आठवत नसे. त्यांना वाक्य आवडलं. आणि त्यांनी रविवारच्या मराठी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, त्यावर प्रवचन केलं. मी बाहेर फाटकाशी उभी राहून ऐकत होते, कर्ण्यातून माझंच वाक्य 'असे समजावे'सकट बाहेर येत होतं. आधी मला हसू फुटलं, मग मी फाटकाआड सरकले. फादर म्हणाले, लपून उपकार करण्यात गर्व असतो, एकमेकांसमोर मोकळे व्हा. आणि गावठण मोकळं झालं. कोणी सांगितलं, तुझ्या पोरीच्या लग्नातला बँड माझ्याकडून होता. कोणी सांगितलं, तुझा नवरा दारू पिऊन पडला होता तेव्हा त्याला मीच उचलून आणलं. ज्यांना इतकी वर्षं काही माहीत नव्हतं ती माणसं माना खाली घालून चालायला लागली, नाहीतर भांडायला उठली. आणि गप्प आंटीला कळलं की तांदूळ ठेवणारी तिची सख्खी जाऊ होती, जिच्याशी घराच्या वाटणीवरून तिचं बोलणं बंद होतं. तिने हातगाडीवर तांदळाची गोणी घालून जावेच्या दारात उतरवली. जावेने ती उलट पाठवली. गोणी दोन दारांच्या मधे रस्त्यावर बसून राहिली आणि मुलं तिच्यावर चढून खेळायला लागली. एका वाक्याने सगळ्या गावठणाची वाट लागली होती, आणि ते वाक्य कोणाचं हे जगात दोघींनाच माहीत होतं.

तुम्ही परत आमच्या दारात आलात. मी म्हटलं, झालं, आता बाबांसमोर सगळं निघणार. पण तुम्ही म्हणालात, 'बाहेर ये जरा,' आणि आपण त्या फरशीवर जाऊन उभ्या राहिलो, खाली गटाराचा वास.

'ते वाक्य तुझं,' तुम्ही म्हणालात.

'तुम्हाला कसं कळलं?' मी मुद्दाम विचारलं.

'मना वाचता येतं.'

इतकं सरळ सांगितलंत की माझी पुढची सगळी वाक्यं, जी मी रेशनच्या रांगेपासून तयार ठेवली होती, ती कुठल्या कुठे गेली. 'मग मी कशाला?' एवढंच तोंडातून आलं. एक सायकलवाला घंटी वाजवत आला, त्याला वाट द्यायला आपण दोघी कडेला झालो. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, 'माझा नवरा मराठी शाळेतला. लग्नानंतर त्याने शिकवली मना अक्षरं. पण वाचायचा तोच, मी मशीनवर बसून ऐकायचे. तो गेल्यावर मी वाचून बघितलं. समदं कळतं. पण ऐकल्यासारखं होत नाय.'

'म्हणजे आमच्या घरात खायला नव्हतं म्हणून नाही बोलावलंत?'

'म्हणून पण.'

'असं कसं? दोन्ही कसं असेल? कुठलं तरी एक खरं सांगा.'

तुम्हाला माझा कंटाळा आला होता, ते दिसत होतं. 'ब्लाऊजला बाह्या दोन असतात,' तुम्ही म्हणालात. 'एकच कशी शिवायची?' मला विचारायचं होतं, ते जाऊ दे, मी चांगलं वाचते का, तेवढं सांगा. शब्द ओठावर आले होते. पण तुम्ही माझा दंड धरलात आणि म्हणालात, 'आता ते रस्त्यावरचे तांदूळ निस्तर. एक वाक्य तू घातलंस, आता बुधवारी एक माझं घाल.' आणि त्या फरशीवर उभं राहून तुम्ही मला ते सांगितलंत, मी ते फादरच्या भाषेत बसवलं, आणि बुधवारी कोऱ्या जागेवरून वाचलं. 'ज्याला उपकार कळला त्याने करणाऱ्याची लाज राखावी, हीही दयाच आहे असे समजावे.' मोठ्या आंटीने मान डोलावली आणि गावठणात फिरून सांगितलं की फादरनी आता उलटी बाजू लिहिलीय, बस करा. गप्प आंटीने त्या गोणीतले तांदूळ शिजवले, जावेला जेवायला बोलावलं, दोघी समोरासमोर बसून जेवल्या आणि पुन्हा बोलायचं बंद केलं. फादरना कुठेतरी शंका आली असावी. ते खोलीत येऊन म्हणाले, हे मी लिहिलं होतं का? तुम्ही डोळ्यांची पापणी न हलवता म्हणालात, 'फादर, तुम्ही झोपेत लिहिता वाटतं.' बिचारे हो म्हणाले.

पुढे मी जात राहिले. संप कधी संपला ते कोणालाच कळलं नाही, बाबा एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले, मी शिकून मानखुर्दच्या म्युनिसिपल शाळेत लागले आणि वर्गात मुलांना वाचून दाखवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. लोक म्हणायचे, बाई, तुमचं वाचन ऐकत राहावंसं वाटतं. दर वेळी मला आतून वाटायचं, हे असं म्हणतात, पण जिला ठाऊक होतं तिने कधी सांगितलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेतून धावत आले. मराठी फादरांची बदली झाली होती, अंत्यविधीचं सगळं शुक्रवारच्या मंडळींनी छान केलं, वाचन इंग्लिशमध्ये झालं. मी मागे उभी होते, मला कोणी विचारलं नाही आणि कोणी का विचारावं. घरी येऊन मात्र मी खूप रडले, आणि तुमच्यासाठी रडत होते की मला वाचायला मिळालं नाही म्हणून, तेही मला सांगता येणार नाही.

इतकी वर्षं मी त्या फरशीवरच्या बोलण्याची उलटापालट करतेय. तुम्हाला ऐकायला आवडतं, हे खरं होतं, की माझा चेहरा बघून तिथल्या तिथे आणखी एक दया केलीत? तुम्ही दोन्ही म्हणालात, पण दोन्ही म्हणणं हीही तुमची दयाच असू शकते. त्याला तळच लागत नाही. देवाधर्मातली मी नाही, तुमच्या देवाची तर मुळीच नाही. पण मोठ्या आंटीचा तो प्रश्न हल्ली मला सारखा आठवतो. त्याला सगळं आधीच वाचता येत असेल, तर आपल्याकडून वाचून घेण्यात त्याला काय मिळतं? तुम्ही 'मना काय ठाऊक' म्हणालात तेव्हा खरंच माहीत नव्हतं, की माहीत असून माझ्यासमोर बोलायचं नव्हतं?

हे सगळं मी मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येतं असं धरून. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि तुमच्या कबरीवर नेऊन ठेवलं तर तिथला माळी वाचत बसेल. चहाचं आधण ठेवलंय. खाली दार वाजलं तर ती येतेय, नाही वाजलं तर तिला कळलंय. आली तर मी तिला म्हणणार आहे की मला दिसतं. ती विचारेल, मग मी कशाला? त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते तिला सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ती फार वाईट वाचते, बाई. जोडाक्षर आलं की अडखळते, ओळी गाळते, पूर्णविरामावर थांबतच नाही. आणि मी दुपारी जेवण झाल्यापासून तिची वाट बघत बसते.